फुरसतीचे शास्त्र

(बेंबळी येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गेल्या महिन्यात आपल्याच वस्तीतली, बारावी पास झालेली एक मुलगी मला भेटली. दर रविवारी ती विहारामागच्या मोकळ्या जागेत लहान पोरांना गोळा करून खेळवते. तिने विचारले, "काका, बागा, मैदानं, करमणूक, याचं कॉलेज असतं का?" जवळ बसलेली मंडळी हसली. एक गृहस्थ म्हणाले, "खेळायला कशाला डिग्री लागतीय?" पोर गप्प झाली. मलाही त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

असते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत उद्याने, मनोरंजन आणि फुरसतीच्या सेवा हा पदवीचा विषय आहे. मैदान कोठे आखावे, वृद्धांना व अपंगांना काय लागते, देखभालीचा पैसा कोठून आणावा, हे तेथे रीतसर शिकवितात. आपल्याकडे या नावाचा विभाग सहसा आढळत नाही; परंतु नाव नाही म्हणून कामच नाही असे समजू नये.

मुंबईत नागपाडा नावाचा कष्टकऱ्यांचा भाग आहे. तेथे १९२७ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनरी गृहस्थांनी 'नागपाडा नेबरहूड हाऊस' सुरू केले. वाचनालय, वर्ग, खेळ, व्याख्याने, म्हणजे दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी जायला एक जागा. हे काम करण्यासाठी शिकलेली माणसे हवीत, हे तेथे कळून आले. त्यातूनच १९३६ साली समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था उभी राहिली आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. तिचा ग्रामीण परिसर आपल्या तुळजापुरात आहे! तुळजापूरला आपण वर्षातून कितीदा जातो, पण त्या फाटकाच्या आत किती जण गेलो, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

पुढे सरकारही या कामात उतरले. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याखाली कामगार कल्याण मंडळ उभे राहिले. त्याची केंद्रे, शिवणवर्ग, नाट्यस्पर्धा, कबड्डीचे सामने हे फुरसतीच्या सेवेचेच काम होय.

आता हसणाऱ्या गृहस्थांसाठी. फुरसत ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे असे आपल्यालाही वाटते, कारण आपल्या वाट्याला ती आलीच नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातली माणसे कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात; त्यांना कोण विचारणार? पण बाबासाहेबांनी विचारले होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली ती यासाठीच, की यंत्रामुळे माणसाची ढोरमेहनत कमी होऊन त्याला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही. हे नुसते लिहून ते थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर मंत्री असताना, १९४६ साली, बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती झाली. सहा तास वाचले! त्या सहा तासांत माणसाने कोठे बसावे, हाच या शिक्षणाचा प्रश्न आहे. संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगाराच्या फुरसतीचा उल्लेख आहे, आणि १५ व्या अनुच्छेदात सार्वजनिक करमणुकीच्या जागी जातीवरून कोणास अडविता येणार नाही असे आहे. दोन्ही मुलांकडून वाचून घ्या.

नुसती जागा मिळून भागत नाही, हे आपल्या मुलखाने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि आपल्या जिल्ह्यातील ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. रुंद रस्ते आले, आखलेले चौक आले, मोकळ्या जागा राखल्या गेल्या. काही वर्षांनी अशा एका गावी मी पाहुणा म्हणून गेलो. बागेसाठी राखलेल्या जागेत वेड्या बाभळी माजल्या होत्या. पाणी कोणी घालायचे, कुंपण कोणी राखायचे, बायकांना तेथे बसता येईल अशी वेळ आणि सोय कोणी पाहायची, हे कोणाचेच काम नव्हते. म्हाताऱ्या बाया घरासमोरच्या दगडावर बसल्या होत्या. जुन्या गावात पार होता, एवढेच त्यांच्यातली एक जण म्हणाली. हा पार कसा मांडावा, कसा चालवावा, याला शिकलेले माणूस लागते.

तर दरवाजे कोणते? विज्ञान शाखेच्या मुलांना उद्यानविद्येची पदवी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे चौकशी करावी. त्यासाठी सीईटी द्यावी लागते. बागेची आखणी हा त्यातलाच एक भाग. खेळाची ओढ असलेल्यांसाठी शारीरिक शिक्षण आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे आहे. त्याचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. बी.पी.एड.ला मात्र आधी कोणतीतरी पदवी हवी. तिसरा दरवाजा समाजकार्याचा, बी.एस.डब्ल्यू.ला बारावीची शाखा आडवी येत नाही. ही मुलगी कला शाखेची आहे. माझ्या मते तिने हा दरवाजा आधी ठोठवावा आणि खेळ सोडू नये.

नोकरीबद्दल खोटे सांगणार नाही. महापालिकांत उद्यान अधीक्षकाचे पद असते, पण अशी पदे मोजकी. बरेच काम कंत्राटावर चालते. येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य, नळदुर्गचा किल्ला येथे येणारे लोक वाढले तर जाणत्या माणसांची गरज वाढेल, एवढेच म्हणतो.

जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी यांच्या मागे आजपासूनच लागा; शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि ऐनवेळी एखादा कागद हमखास कमी पडतो. त्या मुलीचे आई-वडील आज समोर बसले आहेत. कार्यक्रमानंतर त्यांनी दहा मिनिटे थांबावे. अर्जाला लागणारे कागद मी लिहून आणले आहेत. ते हसलेले गृहस्थही आले आहेत. त्यांनीही थांबावे, त्यांचा नातू यंदा दहावीला आहे.

जयभीम!