आडनावात राहिलेले गाव



आपल्या मालवणी मुलखात अनोळखी माणसास पहिला प्रश्न विचारतात तो, "तुमी खंयचे?" त्याचे नाव काय, कामधंदा काय, हे सगळे मागाहून. या किनाऱ्यावरची पुष्कळशी आडनावे म्हणजे कोणा एका पूर्वजाने या प्रश्नास दिलेले उत्तर होय. पिढ्या गेल्या, तरी उत्तर नावाला चिकटून राहिले.

आचऱ्याचे आचरेकर, नेरूरचे नेरूरकर, परुळ्याचे परुळेकर, वालावलचे वालावलकर, खानोलीचे खानोलकर, तेंडोलीचे तेंडुलकर. मालवण, कुडाळ आणि वेंगुर्ले या तालुक्यांचा नकाशाच जणू आडनावांत उतरला आहे. येथला 'कर' मात्र नीट ओळखला पाहिजे. 'कुंभार' या शब्दाच्या पोटात 'कुंभकार' आहे, 'सोनारा'च्या पोटात 'सुवर्णकार'. तो 'कार' करणाऱ्याचा. आडनावातला 'कर' राहणाऱ्याचा. पहिला धंदा सांगतो, दुसरा ठिकाण सांगतो.

आता एक साधा प्रश्न विचारू. आचऱ्यातच जो राहतो त्याला आचरेकर म्हणून उपयोग काय? तेथे तर सगळेच आचऱ्याचे! नाव असते ते एकास दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्यासाठी. म्हणून गावातल्या गावात माणूस मानावरून, हुद्द्यावरून ओळखला जाई. कोणी गावकर, कोणी देसाई, कोणी नाईक. 'सावंत' हे नाव तर 'सामंत' या पदावरून आलेले. पण तोच माणूस पोटापाण्यासाठी खाडी ओलांडून पलीकडे गेला, की तेथल्या शेजाऱ्यांनी त्याला गावाच्या नावाने हाक मारावी. तेव्हा 'कर' लागलेले आडनाव ही बहुधा गाव सोडल्याची खूण आहे, आणि ते ठेवले आहे दुसऱ्यांनी.

ही नावे पूर्वी आजच्याइतकी पक्की नव्हती. शाळेचा दाखला, कोर्टाचा कागद, गिरणीचे मस्टर यांनी ती पक्की केली. मुंबईत पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली, आणि पुढे कोकणची माणसे तेथे हजारोंनी गेली. तेथे कागदावर जे नाव एकदा चढले, ते नातवंडांनाही लागले. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकरास क्रिकेटचे धडे दिले, तेव्हा आपल्या दोन गावांची नावे त्या मैदानावर एकत्र आली होती!

ही रीत आपल्या एकट्यांची नव्हे. पोलंडमध्ये 'विश्न्येव्स्की' असे आडनाव आहे. तेथे 'विश्न्येवो' नावाची गावे आहेत. तेथला तो विश्न्येव्स्की. त्यांचा 'स्की' येथे आपल्या 'कर'चेच काम करतो. चेक आणि स्लोव्हेन लोकांत 'नोवाक' हे आडनाव फार. त्याचा अर्थ 'नवा', म्हणजे गावात नव्याने आलेला. गंमत पाहा: आपण त्या आलेल्यास विचारले, "कुठून आलास?" आणि ते नाव ठेवले, त्यांनी नुसते एवढेच पाहिले की हा नवा आहे. त्याचे मूळ गाव पुसले गेले, आपले राहिले. आणि इतके दूर तरी का जावे? आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घरांतील 'डिसोझा' म्हणजे पोर्तुगालातील सोझा या ठिकाणचा. म्हणजे 'सोझेकर'च की! 'फर्नांडिस' म्हणजे फर्नांदोचा मुलगा.

हे सगळे सांगण्याचे कारण निव्वळ शब्दांची मौज नव्हे. आडनाव ऐकताच माणसाची जात ताडण्याची आपल्याला सवय आहे. पण गाव काही एका जातीचे नसते. एकाच गावावरून आलेले आडनाव निरनिराळ्या जातींची घरे लावतात, मुसलमान घरेही 'कर' लावतात. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल यहुद्यांत किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर झाले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे गाव. त्यांचे कुळाचे आडनाव सकपाळ. म्हणजे 'कर' हा पत्ता आहे, प्रतिष्ठेचा शिक्का नव्हे. ज्यांना गावाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांनीही गावाचे नाव वागवले, हे विसरून चालणार नाही.

शेवटी एक विनंती. आडनाव गाव सांगते. पण सगळे सांगत नाही. वायंगणकर म्हटले तर कोणत्या वायंगणीचे? मालवण तालुक्यात एक वायंगणी आहे, वेंगुर्ले तालुक्यात दुसरी. हा उलगडा आडनावातून होत नाही. तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी असतो. कुठल्या गावाहून निघालो, कुळाचे दैवत कोणते, 'कर' लागण्यापूर्वी आपल्याला काय म्हणत, हे त्यांना आजच विचारून एका वहीत लिहून ठेवावे. मुंबईत वाढलेल्या मुलास उद्या कोणी "तुमी खंयचे?" असे विचारले, तर त्याला इमारतीच्या नावापलीकडे काही सांगता आले पाहिजे. आणि त्याच्या शेजारी उभा असलेला, त्याच आडनावाचा पण दुसऱ्या जातीचा मुलगाही त्याच गावचा आहे, हेही त्याला कळले पाहिजे.