गाळलेलं पाणी



गोदावरी-कादवेच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरी, आपण या परिषदेसाठी जमलो आहोत. रानबदकं आणि हंस यांच्या पोटातले जंत हा विषय ठरला तेव्हा गावात विचारणा झाली, "डॉक्टर, पाहुणे पक्षी बघायला येणार की जंत?" मी म्हणालो, दोन्ही, ते वेगळे काढताच येत नाहीत.

इथल्या वयस्करांना नारूचा जंत आठवत असेल. त्याच्या अळ्या वाहणारा सायक्लॉप्स हा जेमतेम दिसणारा जलजीव पाण्यातून पोटात गेला की नारू व्हायचा. म्हणून आपण पाणी फडक्यातून गाळायला शिकलो, आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. आता समोरच्या पाण्यातलं थापट्या बदक बघा. त्याच्या पसरट चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. तोही पाणीच गाळतो; पण फडक्यावर राहिलेलं आपण टाकून द्यायचो, तो नेमकं तेच गिळतो. सायक्लॉप्सच्या भाईबंदांमध्ये बदकांच्या पट्टकृमींची बाल्यावस्था वाढत असते. त्या पक्ष्याला अन्न आणि जंत एकाच घासात मिळतात. हंसाच्या एका जंताला तर असा मधला जीवही लागत नाही. गवतावरच्या त्याच्या अळ्या हंस चरता चरता पोटात जातात आणि कोंबडी साफ करताना आपण ज्या पिशवीचं पिवळं सालपट सोलतो, त्या सालपटाखाली मुक्काम करतात. कोवळ्या पिल्लांचे त्यात फार हाल होतात.

एरवी बहुतेक पक्षी हे ओझं वागवत धडधाकट जगतात. घात होतो तो पाण्याची घडी विस्कटल्यावर. अमेरिकेत मिसिसिपीच्या वरच्या टप्प्यात युरोपातून आलेली नखाएवढी गोगलगाय पसरली. तिच्यातले चपटे कृमी पोटात गेल्यानं २००२ पासून हजारो बदकं आणि आपल्या वारकरी पक्ष्याचे तिकडचे भाऊबंद मेले. मला त्या बातमीनं फार अस्वस्थ केलं. आपलं पाणीही गाळानं आणि पानवेलींनी उथळ होतंय. त्यात कोणत्या गोगलगायी आहेत, त्यांच्या पोटात काय आहे, याची मोजणी पक्षिगणनेइतक्याच निष्ठेनं व्हावी, एवढं यजमान म्हणून माझं मागणं आहे.

उद्या पहाटे साडेपाचला पक्षिनिरीक्षणाच्या मनोऱ्याकडे गाड्या निघतील. कानटोपी घ्या, काठावर गारठा असतो. मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता वनरक्षकांना सांगा. परतल्यावर बाजरीची भाकरी तयार असेल.