विद्येची वाट

(मठाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



खातेगांवजवळील नेमावर हे नर्मदामाईचे नाभिस्थान मानले जाते. तेथे परिक्रमावासी येतात; त्यांत सावकार असतो तसा मजूरही असतो, परंतु वाट दोघांची एकच. विद्येची वाट अशी एकच उरली आहे काय?

सरकारी शाळा सोडून पालक मुलांना खाजगी शाळेत घालतात. क्वचित् कोणी घरीच शिकवितात. त्यांना सरसकट दोष देणे न्याय्य नव्हे. आपल्या लेकराचे हित पाहणे हा पालकांचा धर्मच होय. शिवाय खाजगी शाळेची परंपरा मोठी आहे. १८८० साली चिपळूणकर-टिळकांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय तर सरकारने १९१० साली बंद पाडले. मात्र त्या थोरांनी निराळी वाट धरली ती समाजासाठी. आजची निराळी वाट बहुधा एकट्या आपल्या मुलापुरती असते.

‘असर’च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतातील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपैकी २०१८ साली शेकडा ६५.६ मुले सरकारी शाळेत होती. महामारीनंतर, २०२२ साली, हे प्रमाण ७२.९ झाले आणि २०२४ साली पुनः ६६.८ वर आले. संकटकाळी ज्या शाळेने पदराखाली घेतले, तिला सुकाळात विसरावे काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. जाणता पालक शाळा सोडतो, तेव्हा समितीतील त्याची जागाही सुटते. मागे राहतात ती ज्यांच्या वतीने विचारणारे कोणी नाही अशी मुले.

घरच्या शिक्षणाविषयी एक गोष्ट विशेष. या माळव्यात शाळा कोणतीही असो, मराठी मुलाला मराठी बहुधा घरीच मिळावयाची. सायंकाळचा परवचा आणि आजीची गोष्ट यांचे काम कोणतीही शाळा करणार नाही. ते घरानेच केले पाहिजे.

मध्यप्रदेश शासनाने २०२५ साली आपल्या ‘सी. एम. राइज’ शाळांना सांदीपनींचे नाव दिले. उज्जयिनीच्या त्या आश्रमात श्रीकृष्ण व सुदामा एकत्र शिकले. त्या नावाचा भार केवळ शासनाने वाहावयाचा नाही. आपले मूल कोठेही शिको, गावच्या शाळेत महिन्यातून एकदा तरी जावे. गुरुजी आहेत काय, मुलांना वाचता येते काय, हे आपुलकीने विचारावे. सुदाम्याची चौकशी करणे ही श्रीकृष्णाचीच सेवा होय.