लस त झाली नं, बाई?

(भद्रावती येथे हितचिंतकांच्या सभेत आमच्या फिरत्या दवाखान्यातील परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. कुत्रं चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची असते, तीही पंधरा मिनिटंच. किती वेळ असतो तो, हे आज तुम्हाला कळेल. आम्ही गावात विचारतो तेव्हा बहुतेक जण सांगतात, "धुतलं नं." म्हणजे तांब्याभर पाणी ओतलं.

मला आज लशीबद्दल फार सांगायचं नाही. ती आता सगळ्यांना माहीत आहे. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, ती जुनी लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडात घेतात, दुखतही नाही फारसं. तरी जुन्या माणसांच्या मनातली ती चौदा इंजेक्शनं जात नाहीत, आणि म्हणून आधी पुजाऱ्याकडे, मग चुना, मग तिखट, आणि शेवटी आमच्याकडे. असो. मला सांगायचं आहे ते लशीच्या जोडीला लागणाऱ्या दुसऱ्या औषधाबद्दल. दवाखान्यात आम्ही त्याला सिरम म्हणतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहाचे दिवस होते. तुम्हाला ठाऊक आहे, मोहफुलं वेचायला बाया पहाटे अंधारातच निघतात, आणि लेकरंही सोबत असतात. सहा वर्षांची एक पोरगी आजीबरोबर झाडाखाली बसली होती. झुडपातून कोल्हं आलं. गालाला चावलं, हातानं ढकलायला गेली तर तळहात फाडला. आजीनं कोल्ह्याला काठीनं हाकललं, जखमेत हळद भरली आणि त्याच दिवशी पोरीला जवळच्या केंद्रात नेलं. किती शहाणी बाई! तिथं लस मिळाली, कार्ड मिळालं, पुढच्या तारखा मिळाल्या.

तिसऱ्या दिवशी आमची गाडी त्या गावात गेली. मी कार्ड पाहिलं. लशीच्या रकान्यात तारीख होती. सिरमचा रकाना कोरा. मी म्हटलं, "मावशी, हिला आत्ताच्या आत्ता चंद्रपूरला न्यायचं आहे."

आजी म्हणाली, "लस त झाली नं, बाई? आता अजून काहून टोचता लेकराले?"

हाच प्रश्न. शिकलेली माणसंही हाच विचारतात. म्हणून त्याचं उत्तर जरा सावकाश देते.

लस टोचली म्हणजे शरीराला धडा शिकवायला घेतला. विषाणूशी लढणारी प्रतिद्रव्यं शरीर स्वतः तयार करतं, पण त्याला सात ते चौदा दिवस लागतात. विषाणू तेवढा वेळ थांबतोच असं नाही. तो जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. पायाला चावा असेल तर वाट लांब असते. गाल, मान, डोकं इथून मेंदू जवळ. हाताच्या बोटांत मज्जातंतूंची दाटी. मधल्या त्या दिवसांत राखण कोण करणार? सिरम म्हणजे तयार प्रतिद्रव्यं, दुसरीकडे बनवलेली. ती थेट जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचायची, म्हणजे विषाणू तंतूत शिरण्याआधीच तिथल्या तिथं पकडला जातो. दंडात दिलेली लस आणि जखमेत दिलेलं सिरम ही दोन वेगळी कामं आहेत.

हे मला कोणी पुस्तकात वाचायला लावलं म्हणून कळलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका लाकूडतोड्या तरुणाला कुत्रं चावलं होतं, बोटांना. मी लस दिली. त्यानं विचारलं, "सिस्टर, झालं नं?" मी म्हटलं, "झालं." सिरमचं मी विचारलंच नाही. सगळ्या तारखा त्यानं पाळल्या. पाच आठवड्यांनी त्याला घेऊन आले तेव्हा पाण्याचा पेला समोर धरला की त्याचा गळा आवळायचा. पंख्याचा वारा अंगाला सोसत नव्हता. शुद्धीत होता, मला ओळखत होता. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय नाही. त्याच्या बायकोला ते सांगायचं काम मीच केलं.

पुढे एका प्रशिक्षणात आम्हाला इराणची हकीकत सांगितली. १९५४ सालच्या ऑगस्टमध्ये सहने नावाच्या गावात रात्री पिसाळलेला लांडगा घुसला आणि झोपलेल्या माणसांना चावत सुटला. डोक्याला-तोंडाला जबर जखमा झालेले १८ जण होते. तेहरानच्या पाश्चर संस्थेत त्यांच्यावर उपचार झाले. पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यातले तीन गेले. तेरा जणांना लशीबरोबर सिरमही मिळालं, त्यातला एकच गेला. ते ऐकताना मला त्या तरुणाची बोटं दिसत होती.

तर पोरीला आम्ही नेलं. पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आत सिरम देता येतं, त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिद्रव्यं येऊ लागतात. आमचा चौथा दिवस उजाडला होता. पोरीचं वजन १६ किलो. घोड्याच्या रक्तापासून केलेलं सिरम किलोमागे ४० युनिट, म्हणजे ६४० युनिट, दोन मिलीच्या थोडं वर. ते सगळं गालाच्या आणि तळहाताच्या जखमांत भरायचं. तळहातावर जागा ती किती! दोघांनी धरलं, मी डोकं मांडीवर घेतलं. ती ओरडली ते विसरणार नाही. आजी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

सगळीकडे हे का देत नाहीत, असं तुम्ही विचाराल. औषध महाग, ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, आणि घोड्याच्या सिरमची कधी कधी जोराची प्रतिक्रिया येते, तिची तयारी हाताशी लागते. लहान केंद्रातला डॉक्टर घाबरतो आणि चिठ्ठी देऊन पुढे पाठवतो. मला त्यांचा राग येत नाही. पण पुढे जायला गाडी कुठे असते? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. तेव्हा चिठ्ठी घेऊन माणूस जाणार कुठे?

यात एक बरी गोष्ट घडली आहे, तीही आपल्या महाराष्ट्रात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्सबरोबर प्रयोगशाळेत वाढवलेलं मानवी प्रतिद्रव्य तयार केलं. रॅबिशिल्ड त्याचं नाव. २०१६ मध्ये त्याला आपल्याकडे परवानगी मिळाली. किलोमागे ३.३३ युनिट पुरतात, घोडा लागत नाही. गंमत अशी की पूनावाला कुटुंबाचा धंदा मुळात घोड्यांचा, त्यांचे घोडे हाफकिनला सिरमसाठी जात! आणखी एक सोय २०१८ मध्ये झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की औषध जखमेत बसेल तेवढंच द्यावं, उरलेलं दुसरीकडे टोचायची गरज नाही. एकाच्या कुपीतून दुसऱ्याचंही भागू शकतं.

तुमच्या वर्गणीतून यंदा आमच्या गाडीत थंड पेटी आली. आम्ही दर सोमवारी फोन करून कुठल्या रुग्णालयात सिरम आहे ते वहीत लिहून ठेवतो. काम एवढंच, पण रात्री दोन वाजता ते कामाला येतं. आणि वाघ-बिबट्याच्या हल्ल्यातही रेबीजचं विसरू नका. मोठ्या जखमेला टाके घालायच्या घाईत ते राहून जातं. टाके शक्यतो टाळायचे, घालावेच लागले तर सिरम दिल्यावर.

पोरगी आता शाळेत जाते. गालावर व्रण आहे. यंदा मोहाच्या दिवसांत तिची आजी शेजारच्या पोराला आमच्या गाडीपाशी घेऊन आली. कुत्र्यानं पिंढरीला चावलं होतं. पायावर साबणाचा फेस वाळलेला दिसत होता. ती म्हणाली, "लस तुम्ही द्या बाई, पण जखमेतली सुई कोठं मिळते ते आधी सांगा." वहीत पाहिलं. वरोऱ्याला होतं. आम्ही लगेच निघालो.