भेळ चांगली लागते
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी इंग्रजी व्याकरणावर बोलणार म्हटल्यावर मागची रांग हसली. हसा. त्याच बाकावर मीही बसत होतो.

आपण मराठी माध्यमाची मुले. एबीसीडी भेटली ती पाचवीत. आठवीत बाईंनी माझ्या वहीतल्या 'शी सिंग्ज गुड'वर काट मारून 'वेल' लिहिले. ते मी इतके मनावर घेतले की क्रियापद दिसले की पुढे 'वेल' नाहीतर 'ली' चिकटवू लागलो. फोर्टातल्या पहिल्या नोकरीत अत्तराच्या नमुन्यांबद्दल पत्र टाइप केले, 'द सॅम्पल्स स्मेल बॅडली.' साहेबांनी सगळ्यांसमोर विचारले, "नमुन्यांना नाक आहे का? सर्दी झालीय त्यांना?" अख्खे ऑफिस हसले. नोकरी सोडायचे ठरवूनच संध्याकाळी ठाकूरद्वारला बाईंच्या घरी गेलो.

बाईंनी आधी चहा दिला. मग चौपाटीवरची भेळ काढली. म्हणाल्या, "'भेळ चांगली लागते.' चांगली कोण? भेळ. 'ती चांगली गाते.' चांगले काय? गाणे. मराठीत दोन्हीकडे 'चांगली'च, म्हणून तुम्ही पोरे फसता. इंग्रजीत भेळेला 'गुड', गाण्याला 'वेल'." लागणे, दिसणे, वाटणे, होणे ही क्रियापदे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी नुसती जोडून देतात. म्हणून ती लिंकिंग व्हर्ब, आणि जोडलेला शब्द सब्जेक्ट कॉम्प्लिमेंट. मराठीच्या तासाला आपण त्यालाच विधानपूरक म्हणायचो, पण दोन तासांची सांगड कोण घालतो!

शंका आली तर क्रियापद काढून 'इज' घालायचे. 'द भेळ इज गुड', अर्थ जागच्या जागी. 'शी इज गुड' म्हटले की गाणेच गेले. नामाचेही तसेच. 'शी बिकेम अ टीचर' यात बाई एकच, 'शी मेट अ टीचर' यात माणसे दोन. कधी एकच क्रियापद दोन्ही कामे करते. 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो रागावलेला दिसला, 'ही लुक्ड अँग्रिली ॲट मी' म्हणजे त्याने माझ्याकडे रागाने पाहिले. आमच्या साहेबांना दोन्ही लागू. नोकरी मात्र टिकली, पत्रेही मीच लिहीत राहिलो.

बाई, मघाशी तुम्ही हजेरी घेतलीत. साठी ओलांडलेले आम्ही एकेक उठून 'प्रेझेंट' म्हणालो. कर्ता गाळला, क्रियापद गाळले, उरला नुसता कॉम्प्लिमेंट. चार नावांना उत्तर आले नाही. तुम्ही चष्मा पुसलात आणि पुढचे नाव घेतलेत.