कॉफीचे नाव आणि उत्पादकाचा वाटा
(भाषण)



एखादा माल जेव्हा गावाच्या नावावर विकला जातो, तेव्हा त्या नावामागे तेथील माती, हवा, पाणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट असतात. त्या नावासाठी ग्राहक चार पैसे अधिक मोजतो. ते चार पैसे कोणाच्या पदरात पडावेत, हे पुष्कळ अंशी लेबलावर काय छापावे याविषयीच्या नियमांवर ठरते. अमेरिकेच्या हवाई राज्यातील कोना कॉफीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटाच्या पश्चिमेस, हुआलालाई व मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतांच्या उतारांवर कोनाचा प्रदेश आहे. १८२८ साली तेथे कॉफीची रोपे प्रथम लागली. बागा लहान असून बहुतेक कुटुंबांच्या मालकीच्या आहेत. फळे हाताने वेचावी लागतात आणि सुमारे सात किलो फळांपासून एक किलो भाजलेली कॉफी मिळते. मजुरी महाग आहे. त्यातच २०१० साली फळे पोखरणाऱ्या किडीचा आणि २०२० साली तांबेरा रोगाचा उपद्रव सुरू झाला. एवढा खर्च सोसूनही तेथील शेतकरी टिकून राहिला, तो कोना या नावाला मिळणाऱ्या भावामुळे.

हवाई राज्याने १९९१ साली असा नियम केला की, मिश्र कॉफीच्या पाकिटावर कोनाचे नाव घालावयाचे असल्यास त्यात किमान १० टक्के कोना कॉफी असावी आणि ते प्रमाण पाकिटावर छापावे. उरलेली ९० टक्के कॉफी अन्य देशांची असली तरी चालत असे. या नियमाचा हिशेब सोपा आहे. १०० किलो अस्सल कोना कॉफीपासून १,००० किलो माल कोनाच्या नावाने विकता येई. शेतकऱ्याला मोबदला मिळे तो १०० किलोंचा. उरलेल्या ९०० किलोंवर नावामुळे जो जादा भाव येई, तो मिश्रण करणाऱ्याकडे जाई.

याचा दुसरा परिणाम अधिक खोल होता. मिश्रणाचे पाकीट शुद्ध कोनापेक्षा स्वस्त असते. दोन्ही पाकिटे शेजारी ठेवलेली पाहून ग्राहकास शुद्ध मालाचा भाव अवाजवी वाटू लागतो. आणि मिश्रणाची चव सामान्य लागली, तर बोल लागतो तो कोनाच्या नावाला.

व्यापाऱ्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. मिश्रणामुळे कोनाची कॉफी सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येते, आणि मिश्रण करणारे हे शेतकऱ्यांचे गिऱ्हाईकच आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अस्सल मालाचे प्रमाण वाढविले की मिश्रण महाग होते, खप घटू शकतो, आणि ज्या लहान शेतकऱ्याची भिस्त अशा खरेदीदारावर आहे त्याला प्रथम झळ लागते. म्हणून नियम बदलताना पुरेसा अवधी द्यावा लागतो. हवाईने २०२४ साली कायदा करून किमान प्रमाण ५१ टक्के ठरविले. मात्र तो १ जुलै २०२७ पासून लागू व्हावा अशी तरतूद केली. या प्रमाणानुसार १०० किलो कोनापासून फार तर १९६ किलो माल त्या नावाने विकता येईल.

तथापि, केवळ नियमाने काम भागत नाही. १९९६ साली कॅलिफोर्नियातील एका व्यापाऱ्याचे बिंग फुटले. मध्य अमेरिकेतील स्वस्त कॉफी कोनाच्या पोत्यांत भरून तो विकत होता. शिवाय एका राज्याचा नियम दुसऱ्या राज्यात चालत नाही. तेव्हा कोनाच्या शेतकऱ्यांनी २०१९ साली अनेक विक्रेत्यांविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा लावला. कॉफीच्या दाण्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासून माल कोणत्या मातीतील आहे, याचा पुरावा पुढे करण्यात आला. पुढे झालेल्या तडजोडींची एकूण रक्कम ४ कोटी डॉलरहून अधिक भरली.

भारतातील वाचकाला ५१ टक्के हा आकडा अपरिचित नाही. चिकोरी मिसळलेल्या कॉफीत किमान ५१ टक्के कॉफी असावी आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापावे, असा नियम येथे आहे. तो मालाच्या शुद्धतेविषयी झाला. गावाच्या नावासाठी १९९९ चा भौगोलिक उपदर्शन कायदा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. त्याखाली २०१९ साली कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी व अरकू येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा अशा पाच कॉफींची नोंद झाली. गोव्याच्या फेणीची नोंद २००९ सालीच झाली होती. काणकोणच्या खोला मिरचीलाही हा मान मिळाला आहे.

परंतु नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने भाव वाढत नाही. प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदविले पाहिजे. परगावचा माल गावच्या नावाखाली मिसळण्याचा मोह गावातल्यांनीही आवरला पाहिजे. कारण एका हंगामाचा नफा पुढील अनेक हंगामांच्या नावास बट्टा लावतो. अर्ज भरण्यास शिक्षकांनी साहाय्य करावे, आणि बाजारातील लेबलांची तपासणी अधिकाऱ्यांनी नियमितपणे करावी. नोंदणी दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करावे लागते, हेही विसरता कामा नये.

कोनाच्या शेतकऱ्यांना किमान प्रमाण १० टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर नेण्याचा कायदा होण्यासाठी तेहेतीस वर्षे वाट पाहावी लागली. ज्या गावांच्या मालाची नोंद नुकतीच झाली आहे, त्यांनी नावाचा हिशेब पहिल्या हंगामापासूनच ठेवावा, हे हिताचे ठरेल.