पहिल्या सत्राची कमाई



हिंदी मुलखातल्या आपल्या शाळेत पहिलीत आलेले मूल प्रथम ‘शाला’ म्हणते. प्रचलित हिंदी वर्णमालेत ‘ळ’ नाही. दिवाळीच्या सुटीपर्यंत त्याची जीभ वळते. ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांतला भेद त्याला उमगतो. त्याच सत्रात ते दहा काड्यांची जुडी बांधून दशक शिकते, डबा वाटून खाते, आपली पाळी येईपर्यंत थांबते. साठ वर्षे आम्ही हेच शिकवीत आलो.

मात्र सुटीत घरी मराठी कानांवर पडली नाही, तर कमावलेला ‘ळ’ पुन्हा ‘ल’ होऊन परततो. म्हणून या हीरकमहोत्सवी वर्षी आपल्याकडे एकच देणगी मागते : मुलांशी घरी रोज मराठीत बोला.